कऱ्हामाई

ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडला आणि कऱ्हा वाहू लागली, अशी आख्यायिका आहे. पाणीही तिला जेमतेम कमंडलूभरच! गराड्याच्या डोंगरातून निघून सासवडला संगमेश्वरापाशी ती चांबळी नदीला भेटते आणि मोरगाव, बारामती करीत सोनगावला नीरेस मिळते. सोमवतीला जेजुरीचा खंडोबा पालखीतून हिच्याच स्नानाला येतो. मुलूख पर्जन्यछायेचा; उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते आणि माणसे ते आपलेच समजू लागतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री मात्र महापुराने नदीची खरी हद्द दाखवली. देवळाच्या जुन्या दगडविटांचा राडारोडा घाटाखाली पडला आहे. तो पावसाळ्यापूर्वी उचलला जावा, ही दात्यांस व ग्रामस्थांस नम्र विनंती.