मोठ्या आतड्याचा कर्करोग : ताटातली काळजी आणि वेळेवर तपासणी



शेतीखात्याच्या माणसानं कर्करोगावर बोलावं, याचं काहींना नवल वाटेल. औषधोपचार हे डॉक्टरांचं काम, त्यात मी शिरणार नाही. परंतु मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संबंध आपल्या ताटाशी आहे, आणि ताटाचा संबंध वावराशी. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी हरभऱ्याच्या दाण्याएवढा मांसल कोंब फुटतो. पुष्कळसे कोंब तसेच राहतात. काही मात्र हळूहळू वाढतात आणि साधारण दहा वर्षांच्या काळात त्यांचा कर्करोग होतो. तण दोन पानांवर असताना खुरपलं तर पीक वाचतं. तसाच हा कोंब दुर्बिणीच्या तपासणीत दिसला, तर डॉक्टर तो तिथल्या तिथे काढून टाकू शकतात.

युगांडात अनेक वर्षे काम केलेले शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७१ साली एक गोष्ट मांडली. भरपूर चोथा असलेलं साधं अन्न खाणाऱ्या खेडुतांत हा रोग विरळा, आणि पांढरं, चाळलेलं पीठ खाणाऱ्या देशांत तो फार, असं त्यांना दिसलं. त्यानंतर पुष्कळ संशोधन झालं. सबंध धान्य आणि चोथा यांमुळे हा धोका कमी होतो, हे आज मान्य झालं आहे.

याचं कारण शेतकऱ्याला लवकर उमजेल. जमिनीत शेणखत पडलं की जिवाणू वाढतात आणि माती भुसभुशीत राहते. आतड्यातही जिवाणू आहेत. त्यांना चोथा मिळाला की ते आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात. शिवाय मळ मऊ होतो आणि आत फार वेळ साचून राहत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. पूर्वी घरोघरी ज्वारीची भाकर, कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी असे. पुढे वावरात कापूस, सोयाबीन आणि तूर वाढली. ज्वारीला पाखरं आणि रानडुकरं लागतात, कापणीला मजूर मिळत नाही, म्हणून ती मागे पडली. आज शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा मिळतो, तर पॉलिशच्या तांदळात आणि मैद्यात ३ ग्रॅमपेक्षाही कमी. चहाबरोबर टोस्ट-बिस्कीट खाऊन वावरात जाणाऱ्यानं याचा विचार करावा.

घरी काय करावे?

१) सोयाबीन निघाल्यावर, जमिनीत ओल असेल तर, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत अर्धा एकर रब्बी ज्वारी घरच्यासाठी पेरावी. मालदांडी चालेल. अर्ध्या एकराला दोन किलो बियाणे पुरते. काणी येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम ३०० मेश गंधक चोळावे. असे चोळलेले बियाणे खाण्यात किंवा जनावरांच्या दाण्यात जाऊ देऊ नये.

२) सांडपाण्यावर परसबाग करावी. भाज्या व फळे मिळून माणशी रोज निदान ४०० ग्रॅम पोटात जावीत. घोळ, चिवळ, शेवगा, पेरू यांना फार खर्च नाही.

३) रोज वरण, उसळ आणि वाटीभर दही किंवा ताक असावे.

४) दारू आणि विडी-सिगारेट सोडावी. दोन्हींनी हा धोका वाढतो. खर्ऱ्यानं तोंडाचा कर्करोग होतो, तो वेगळाच.

एवढं केलं म्हणजे रोग होणारच नाही, असं नव्हे. धोका कमी होतो, इतकंच. म्हणून पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

परसाकडे रक्त पडलं की आपण म्हणतो, "मूळव्याध असेल, उष्णता झाली असेल." बायाबापड्या तर लाजेपायी घरातही सांगत नाहीत. पुष्कळदा ती मूळव्याध असतेही. पण तपासल्याशिवाय ते कळत नाही. शौचाची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदलली, पोट साफ झाल्यासारखं वाटेना, वजन घटलं, अंगातलं रक्त कमी झालं, तर थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. डॉक्टर हातमोजा घालून बोटानं तपासतात, त्यालाच दोन मिनिटं लागतात, आणि गुदाशयातली गाठ पुष्कळदा तिथंच हाताला लागते. आई, वडील किंवा भावंडांना हा रोग झाला असेल, तर त्रास नसला तरी चाळिशीत तपासणीचा सल्ला घ्यावा.

आता घरगुती उपायांविषयी. उमरखेड-महागावकडे हळद पिकते. ती भाजीत खुशाल खावी. पण हळदीनं, गव्हांकुराच्या रसानं किंवा कुठल्या जडीबुटीनं झालेला कर्करोग बरा झाल्याचा पुरावा नाही. अर्काच्या गोळ्या तर चालू औषधांना बाधकही ठरू शकतात. पाला-काढ्यात सहा महिने गेले, की काढता येणारी गाठ यकृतापर्यंत पोचू शकते. म्हणून पैसा आणि वेळ आधी शस्त्रक्रियेला द्यावा. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आपल्या आवाक्यात आहेत. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जावे व महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारावे.

उपचारानंतर सावरताना मात्र घरची माणसं खूप करू शकतात. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे भाकर आणि पालेभाजी नको. मऊ भात, मुगाचं वरण, ताजं ताक, केळं असं थोडं थोडं द्यावं. चोथा डॉक्टरांनी सांगितल्यावरच हळूहळू वाढवावा. जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चमच्याच्या मापानं, विरघळवून पाजावं. केमोथेरपी चालू असताना कच्चे रस आणि उघड्यावरचं खाणं टाळावं. ताप १०० च्या वर गेला तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

आणि चालणं! केमोथेरपी संपलेल्या ८८९ रुग्णांवरील एक मोठा प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षे देखरेखीखाली नियमित व्यायाम केलेल्यांपैकी आठ वर्षांनी शंभरात ९० जण हयात होते. ज्यांना केवळ माहितीपुस्तिका दिली होती त्यांच्यात ८३. आजाऱ्याला खाटेवर बसवून ठेवणं म्हणजे माया नव्हे. डॉक्टरांना विचारून त्याला रोज बांधावरून फिरवून आणावं.

थोडक्यात, भाकर रोग दूर ठेवायला मदत करते, पण झालेला रोग बरा करत नाही. म्हणून ज्वारी पेरा, आणि रक्त दिसलं तर लाजू नका, तपासून घ्या.