सभामंडपातील झुंबर
(कलशारोहण समारंभातील भाषण)



सभामंडपात पाऊल टाकताच सर्वांच्या माना आज वर होत आहेत. ते झुंबर ठरविण्यासाठी जीर्णोद्धार समितीच्या तीन बैठका झाल्या व त्यांतील एक रात्री बारापर्यंत चालली, हे पुष्कळांना ठाऊक नसेल.

मुंबईस असलेल्या एका देणगीदारांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ झुंबराचा सर्व खर्च उचलला. गोव्यात मंगेशीच्या सभामंडपातील झुंबरे पाहून पाच फूट रुंदीचे झुंबर बसवावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. इच्छा चांगलीच, परंतु मंगेशीचा मंडप केवढा आणि हा केवढा! याचा एक ढोबळ हिशेब आहे. जागेची लांबी व रुंदी फुटांत मोजून बेरीज करावी. तितके इंच झुंबर रुंद असावे. मंडप 24 फूट बाय 18 फूट, म्हणजे 42 इंच. शिवाय छत 14 फुटांवर. पाच फुटी झुंबर उंचीलाही तेवढेच. साखळीसह ते आठ फुटांवर लोंबले असते आणि पालखीपुढची अब्दागिरी पहिल्याच उत्सवात त्यात अडकली असती. हे बोलून दाखविले पालखीच्या मानकऱ्यांनी. देणगीदार काही दिवस नाराज होते, ते लपविण्यात अर्थ नाही.

ग्वाल्हेरला जयाजीराव शिंदे यांनी 1874 साली बांधविलेल्या जयविलास राजवाड्यात प्रत्येकी सुमारे साडेतीन टनांची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी छताची पारख करण्यासाठी वर हत्ती चढविले, असे सांगतात. गावाला हत्ती कोठले? हुक मागाहून भोक पाडून बसवू, असे गवंड्याचे म्हणणे होते. समितीने ते मानले नाही. स्लॅब ओतण्यापूर्वीच हुक सळ्यांत अडकवून घेतला आणि 28 दिवस उलटल्यावर त्याला सिमेंटची चार पोती, म्हणजे 200 किलो वजन, रात्रभर टांगले. झुंबर आहे 45 किलोचे.

सांगाडा पितळेचा घेतला. मुलामा दिलेले लोखंड स्वस्त पडत होते, पण समईच्या काजळीत व धुपाच्या धुरात ते किती दिवस टिकणार? पितळ चिंचेने घासता येते. मागणी लेखी दिली. त्यात लोलकांची संख्या व 20 लोलक जादा, हेही लिहिले. पेटी आल्यावर पंचांसमक्ष मोजदाद झाली, तेव्हा सात फुटके निघाले. जादा होते म्हणून निभावले.

झुंबर लहान झाल्याने रक्कम उरली. जुन्या देवळातील काचेच्या दोन हंड्या अडगळीत पडल्या होत्या. उत्सवाच्या आदल्या दिवशी देणगीदारांच्या मातोश्री त्या पुसून ठेवीत, ही आठवण एका वृद्ध बाईंनी काढली. उरलेल्या रकमेतून हंड्यांना नव्या साखळ्या करून त्या गाभाऱ्याच्या दाराशी लावा, असे देणगीदारांनीच कळविले. नावाची पाटी नको, असेही लिहिले.

झुंबर पुसण्यासाठी कप्पीवरून खाली घेता येते. कप्पीच्या पेटीची किल्ली पुजाऱ्यांकडे आहे. मुलांनी दोराला हात लावू नये.