गंड्यातल्या चौघी



अध्यक्षाने मराठीच्या भवितव्याची काळजी वाहावी, असा रिवाज आहे. ती मी पुढच्या अध्यक्षांवर सोपवते. मला बोलायचंय शाळकरी मुलींच्या कादंबऱ्यांवर. साठी उलटली तरी मी त्या वाचते. पूर्वी वर्तमानपत्राच्या आड धरून वाचायचे, आता राजरोस.

कोलकात्यात हा विषय निघाला की मला नलिनी दास आठवतात. सत्यजित राय यांची ही आतेबहीण, बेथून कॉलेजची प्राचार्य. 1849 साली ज्या बेथून शाळेत मुली शिकायला आल्या म्हणून शहर हादरलं, तिच्यातूनच हे कॉलेज वाढलं. अशा ठिकाणच्या प्राचार्यबाईंनी लिहावं काय, तर ‘गोयेंदा गंडालू’! शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या कालू, मालू, बुलू, टुलू. चौघींच्या नावात ‘लू’, आणि चार म्हणजे एक गंडा, म्हणून गंडालू. आपल्याकडेही जुन्या हिशेबात गंडा म्हणजे चारच. या कथा ‘संदेश’ मासिकात आल्या. सत्यजित यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांनी 1913 साली काढलेलं हे मासिक 1961 मध्ये पुन्हा सुरू झालं, आणि पुढे सत्यजित आणि लीला मजुमदार यांच्या जोडीने नलिनीबाईही त्याच्या संपादक झाल्या.

त्याच ‘संदेश’मध्ये 1965 साली सत्यजित यांचा गुप्तहेर फेलूदा अवतरला. फेलूदावर माझं प्रेम आहे, पण त्याच्या गोष्टींत बाई शोधायची तर त्यालाच कामाला लावावं लागेल. गंडालूत उलटा प्रकार. तिथे रहस्य मुलींच्या दारात येतं आणि ते सोडवायला कुणाच्या दादाला बोलावणं जात नाही.

या मुली मला ताज्या वाटतात त्या धाडसी आहेत म्हणून नव्हे. धाडसी नायिका बंगालीत त्याआधीही होती. प्रभावती देवी सरस्वतींची कृष्णा गुप्तहेरच होती. गंडालूंचं वेगळेपण हे की त्यांना मोठं करायची लेखिकेला घाई नाही. आपल्या कितीतरी गोष्टींत मुलगी पान उलटताच पदर सावरू लागते. मुलगा मात्र पन्नास पुस्तकं तेरा वर्षांचाच राहतो. आमचा लाडका फास्टर फेणे बघा ना, त्याच्या सायकलीला कुणी लग्नाच्या मांडवाकडे वळवत नाही. गंडालूंच्या वसतिगृहाने मुलींना नेमकी ही सवलत दिली. संध्याकाळी ‘आधी भाजी निवड’ म्हणणारं कुणी नाही. मोकळा वेळ हाती लागला की डोळे आपोआप उघडे राहतात, आणि गुप्तहेराला आणखी लागतं काय?

मराठी मुलींना चौघींचं असं घर मिळालं ते शांता शेळक्यांच्या ‘चौघीजणी’त. लुइसा मे अल्कॉटच्या 1868 सालच्या कादंबरीचा हा अनुवाद. माझ्या पिढीत त्यातली लिहिणारी ज्यो व्हायचं नव्हतं अशी मुलगी मला भेटलेली नाही. मी तर शाईचे डाग मुद्दाम फ्रॉकवर पाडले होते. आईने त्याला साहित्यसेवा मानलं नाही. पण ज्योलाही दुसऱ्या भागात लेखिकेने बोहल्यावर चढवलंच. तिथे माझा वाचनाचा वेग अजूनही मंदावतो.

फेलूदा अशोक जैनांनी मराठीत आणला. मराठी गंडालू मात्र मला कुठल्याच दुकानात दिसली नाही. हे काम तुमचं, कोलकातेकर मराठी मंडळींचं. घरात मराठी नि गल्लीत बंगाली बोलत वाढलेल्या तुमच्या लेकींनी ते करावं.

अडेल ते नावापाशी. मराठीत ‘गंडालू’ म्हटलं की कुणीतरी गंडवला गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. ‘चौकडी’ म्हणावं, तर मागून ‘चांडाळ’ धावत येतो. मला स्वतःला तो आलेला चालेल. कालूलाही बहुधा चालला असता. पण ठरवायचं तुम्ही. मधल्या सुट्टीत चहा आहे, आणि मी भांडायला मोकळी आहे.