चाकोरी आणि डोंगरवाट

सरकारी नोकराविषयी बोलताना लोक एक शब्द हटकून वापरतात. तो शब्द म्हणजे ‘चाकोरी’. आम्ही चाकोरीतून जातो, चाकोरीबाहेरचे काही करीत नाही, असा आमच्यावर आक्षेप आहे, आणि तो पुष्कळसा खरा आहे. परंतु चाकोरी म्हणजे मुळात चाकांनी मातीत पाडलेली रेघ. ती रेघ किती उपकारक असते आणि किती उपद्रवी ठरू शकते, हे मला कचेरीत कधी कळले नाही. ते कळले चाळिशी उलटल्यावर, सुटीच्या दिवशी सह्याद्रीच्या डोंगरवाटांवर सायकल चालवू लागल्यावर.

डोंगरात सायकल म्हटल्यावर काही वडीलधारी मंडळी हसतील. पण ही सायकल दूधवाल्याच्या किंवा पोस्टमनच्या सायकलीहून निराळी असते. टायर रुंद आणि खाचेदार, सांगाडा दणकट, आणि चढावर पाय हलका करणारे गिअर. तिचा जन्म एका उनाड खेळातून झाला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथे वणवा विझवणाऱ्यांसाठी काढलेले कच्चे रस्ते आहेत. अशाच एका रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन उतारावरची शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फुटांची उतरण! ब्रेक लावून लावून मागच्या चाकातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरणे’, असे पडले. पुढे वीसच वर्षांत, १९९६ साली, अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

परंतु या कथेचा दुसरा भाग मला अधिक विचार करायला लावतो. ज्या मरीनमध्ये हा खेळ जन्मला, तेथेच पायी फिरणारे आणि घोडेस्वार यांचे सायकलवाल्यांशी खटके उडाले आणि अनेक अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या. खेळ नवा होता, पण वाट जुनी होती, आणि वाटेवर आधीपासून चालणारे लोक होते. ब्रिटनने या प्रश्नाचे एक उत्तर १९६८ च्या कायद्यातच देऊन ठेवले होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये घोड्यांच्या वाटांवर सायकल नेण्याचा हक्क त्या कायद्याने दिला, मात्र पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट दिली पाहिजे, अशी अट घातली. दुसरे उत्तर वेल्समधल्या कॉइड अ ब्रेनिन, म्हणजे ‘राजाचे वन’, या सरकारी जंगलात १९९० नंतरच्या दशकात मिळाले. तेथे सायकलींसाठी मुद्दाम वेगळ्या वाटा बांधल्या गेल्या.

आपल्याकडे वाटा बांधाव्या लागत नाहीत. त्या आहेतच. गाडीवाट आहे, बैलवाट आहे, गुरे चरायला नेण्याची वाट आहे, दोन शेतांमधून जाणारी पाणंद आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या श्रोत्यांनाही आपापल्या शिवारातल्या अशा वाटा आठवतील. प्रश्न एवढाच, की आपण त्यांवर कोणत्या नात्याने जातो?

एका पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही चौघे भोर तालुक्यातल्या एका उतारावरून खाली येत होतो. वाट चिखलाची होती आणि आम्ही मजेत होतो. खाली भाताच्या खाचराच्या बांधावर एक म्हातारे गृहस्थ उभे होते. त्यांनी हात करून आम्हांला थांबवले आणि शांतपणे म्हणाले, “सायब, वाटंला कुनी नगं म्हनत न्हाय. पर चिखलात चाक घालता, त्याची चरी पडती. वरचं समदं पानी त्याच चरीनं खाली येतंय आन् माजं खाचर फोडतंय.”

मी वळून पाहिले. आमच्या चाकांच्या रेघांतून गढूळ पाणी खरोखरच वाहत होते, आणि जेथे वाट खाचराला भिडली होती, तेथे बांधाची माती ढासळली होती. आमची दोन तासांची करमणूक त्यांच्या वर्षाच्या अन्नावर चालली होती. एरवी लोकांना नियम समजावून सांगणारा मी, त्या दिवशी खाली मान घालून उभा राहिलो.

घरी आल्यावर मी वाटा बांधण्याचे शास्त्र वाचू लागलो. ते सोपे आहे आणि बहुतांशी पाण्याचे शास्त्र आहे. वाट सरळ उतारावर टाकू नये, ती डोंगराला आडवी न्यावी. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा. सरासरीने शंभर फुटांत दहा फूट चढ पुरे. वाटेची बाहेरची कड किंचित कललेली असावी, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न जाता वाट ओलांडून निघून जाते. हे वाचताना माझ्या ध्यानात आले, की बैलांच्या जुन्या वाटा कितीतरी ठिकाणी अशाच आडव्या वळणांनी चढतात. आडवळण टाळून सरळ खाली घुसण्याची घाई आमची होती.

या वाटांना आणखी एक धोका आहे, आणि तो चाकाचा नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच भागात खिंड ओलांडून पलीकडच्या गावी उतरणारी वाट आम्हांला तारेच्या कुंपणाने अडलेली दिसली. गावात विचारले, तर कुंपण कधी पडले, हे कोणालाच सांगता येईना. डांबरी सडक झाली, एस. टी. आली, मोटारसायकली आल्या. खिंडीतून कोण जाणार? गावच्या नकाशावर मात्र ती वाट तुटक रेघेने अजून दाखवलेली होती. शेताच्या वहिवाटीच्या रस्त्यात कोणी अडथळा केला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. जी वाट कोणी चालतच नाही, तिच्यासाठी सहा महिन्यांत कोण उठणार? कायदा जागा असतो, पण त्याला हाक मारणारे पाऊल लागते.

म्हणून मला वाटते, की सायकलस्वार हा या वाटांचा शत्रू असू शकतो, तसाच राखणदारही होऊ शकतो. वाटेवरचा हक्क शेतकऱ्याचा आहे. आपण पाहुणे आहोत, हे एकदा मनाशी ठरले की पुढचे आचार आपोआप सुचतात. ओल्या वाटेवर चाक घालू नये. गुरे, डोक्यावर भारा घेतलेली बाई, शाळेची मुले समोर आली, तर उतरून उभे राहावे. सड्यावरच्या पातळ मातीत, जेथे पावसाळ्यात इवलीशी फुले येतात, तेथे वाट सोडून जाऊ नये. राखीव जंगलात आणि अभयारण्यात परवानगीवाचून शिरू नये. आणि कोठे वाट अडलेली दिसली, तर गावात जाऊन सांगावे. तेवढे एक काम शहरातून आलेल्या माणसाला सहज करता येते.

पुढल्या मे महिन्यात आम्ही पुन्हा त्या म्हाताऱ्या बाबांकडे गेलो, या खेपेस सायकलीबरोबर कुदळ आणि फावडी घेऊन. त्यांनी जागा दाखवल्या आणि आम्ही दगड वाहिले. वाटेला तिरक्या अशा पाच दगडी ओळी रोवल्या आणि प्रत्येकीच्या तोंडाशी बाजूच्या झुडपात पाणी सोडणारा लहानसा चर काढला. दुपारी त्यांच्या पडवीत बसून भाकरी खाल्ली. पाऊस पडला तेव्हा मी तेथे नव्हतो. परंतु दिवाळीच्या सुमारास, वाट वाळल्यावर, आम्ही गेलो तेव्हा बांध शाबूत होता आणि खाचरात भात पिवळा झाला होता. वाटेवर चाकोरी कोठेच नव्हती. आम्ही सायकली हातात धरून बांधाच्या कडेने चालत खाली उतरलो.