ब्रशचे केस, रागाचे केस

मागच्या बैठकीत आम्ही दात घासायच्या ब्रशचं पाकीट वाचत होतो. त्यावर लिहिलं होतं, 'सॉफ्ट ब्रिसल्स'. आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "ब्रिसल म्हणजे काय गं?"

ब्रिसल म्हणजे आखूड, ताठ, राठ केस. डुकराच्या पाठीवर असतो तसा. जुन्या इंग्रजीत त्याला 'बर्स्ट' म्हणत. संस्कृतातला 'भृष्टि', म्हणजे टोक, हा त्याचा दूरचा नातलग. पूर्वी ब्रशलाही डुकराचेच केस लावत. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनचे ब्रश आले. सॉफ्ट म्हणजे मऊ. कडक ब्रशनं जोरात घासलं तर हिरड्या दुखावतात, म्हणून मऊच बरा.

या शब्दाचा दुसरा अर्थही आहे. चिडलेल्या कुत्र्याच्या मानेवरचे केस कसे उभे राहतात? तसा माणूस रागानं ताठला, तरी इंग्रजीत 'ब्रिसल'च म्हणतात.

मावशी म्हणाल्या, "दुकानदार बोलला, 'तुम्हाला वाचून काय कळतंय, घ्या हा कडकच.' तेव्हा माझंही ब्रिसलच झालं होतं!"

आम्ही खूप हसलो. पण त्या दिवशी ठरवलं, पाकीट वाचल्याशिवाय ब्रश घ्यायचा नाही. अडलेला शब्द विचारायला लाजायचंही नाही. तुम्हीही विचारा हं!