आपले दुकान नकाशावर



लातूरची गंजगोलाई आपण पाहिलीच आहे. मधोमध देवीचे देऊळ, भोवती गोल बाजार. सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात. नवा माणूस एस.टी.तून उतरतो, गोलाईत येतो आणि विचारतो, "भाऊ, पितळेची भांडी कुठं मिळतील?" विचारलेला माणूस बोट दाखवतो. ज्या दुकानाकडे बोट गेले, तिकडे गिऱ्हाईक गेले. शेजारच्याचा माल चांगला असला तरी तो माशा मारीत बसतो.

आता हे बोट मोबाईलमध्ये आले आहे.

नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून माणसे येतात. त्यांना मराठी येत नाही. ती फोनला विचारतात, "जवळ जेवण कुठे मिळेल?" लातूरला शिकवणीसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले येतात. मुलाला खोलीवर सोडायला आलेला बाप फोनवर म्हणतो, "खानावळ." लगेच नकाशा उघडतो. वर दोन-तीन नावे दिसतात. पुढे रस्ता, वेळ, फोन नंबर. बाकीची नावे खाली असतात. भुकेला माणूस खाली कशाला बघेल?

मग वर कुणाचे नाव येते? हा नकाशा गूगल नावाच्या कंपनीचा आहे. कंपनीने स्वतःच सांगितले आहे की ती मुख्यतः तीन गोष्टी पाहते. माणूस जे मागतो तेच काम तुम्ही करता का? तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात? आणि तुमचे नाव लोकांत किती आहे? आता बघा, गोलाईत बोट दाखवणारा माणूस तरी दुसरे काय पाहत होता?

यातले अंतर आपल्या हातात नाही. लातूरच्या माणसाला चहा प्यायला फोन लोह्याला पाठवणार नाही. तशी आशाही धरू नये. पण बाकीचे पुष्कळसे आपल्या हातात आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. फोनवर आपल्या दुकानाचे एक पान तयार करायचे. त्यात खरी माहिती लिहायची. तुम्ही आता लिहायला शिकलात. हे पान तुम्हालाच लिहिता येईल.

पाटीवर जे नाव आहे, तेच पानावर लिहा. काही जण नावापुढे 'नांदेडमधील सर्वात स्वस्त, सर्वात उत्तम' असे शेपूट लावतात. कंपनीच्या नियमात ते बसत नाही. पान बंद पडू शकते.

मग धंदा कोणता ते निवडायचे. इथे लोक घाई करतात. आमच्या ओळखीचा एक कारागीर विहिरीवरच्या मोटारींचे रिवाइंडिंग करतो. हात सोन्यासारखा. पण त्याने पानावर 'हार्डवेअरचे दुकान' असे निवडले होते. पाणी द्यायच्या दिवसांत शेतकऱ्याची मोटार जळते, तेव्हा तो हार्डवेअर शोधत नाही. तो मोटार दुरुस्ती शोधतो. कारागीर होता रस्त्यावरच, आणि शेतकरी पुढे जात होते. धंदा बदलून लिहिला, तेव्हा फोन वाजू लागला.

पत्त्याचे तर विचारूच नका. लोहा तालुक्यात आपले माळेगाव आहे, खंडोबाच्या यात्रेचे. नाशिक जिल्ह्यात मालेगाव आहे. मराठीत 'ळ' आणि 'ल' वेगळे. इंग्रजी अक्षरांत दोन्ही एकच! नांदेडचेही तसेच. पुण्याजवळ नांदेड सिटी नावाची मोठी वसाहत झाली आहे. वर्गात एका नावाची दोन मुले असली की आम्ही हजेरीत बापाचे नाव जोडत होतो. इथेही तेच करा. गावापुढे तालुका लिहा, जिल्हा लिहा, पिनकोड लिहा. नकाशावरची खूण बोटाने सरकवून बरोबर आपल्या दारावर ठेवा. खूण मागच्या गल्लीत राहिली, तर गिऱ्हाईक मागच्या गल्लीत फिरते आणि कंटाळून दुसरीकडे जाते.

उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ खरी लिहा. सुटीचा वार लिहा. माणूस वीस किलोमीटरवरून आला आणि दाराला कुलूप, तर तो रागाने एकच तारा देऊन जातो. तारे म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेले गुण. पाच म्हणजे उत्तम. समाधानी गिऱ्हाइकाला जरूर म्हणा, "दादा, दोन शब्द लिहा." पण पैसे देऊन किंवा भाच्या-पुतण्यांकडून खोटे गुण भरून घेऊ नका. ते नियमाबाहेर आहे, आणि कंपनी असे शेरे काढून टाकते. कुणी वाईट लिहिले तर भांडू नका. "भाजी खारट झाली होती, खरे आहे. पुन्हा या," एवढे लिहिले तरी पुढचा वाचणारा ओळखतो की इथे माणूस बसला आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. पान कुणाच्या हातात आहे?

लातूरला एक मावशी शिकवणीच्या मुलांसाठी खानावळ चालवतात. त्यांचे पान एका ओळखीच्या मुलाने करून दिले, पण स्वतःच्या खात्यावर. मुलगा पुण्याला नोकरीला गेला. मावशींचा नंबर बदलला. पानावर जुनाच राहिला. मुले जुना नंबर लावीत आणि दुसरीकडे डबा लावीत. मावशी म्हणायच्या, "यंदा पोरंच कमी आली." तेवढ्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला. म्हणाला, "आम्ही गूगलमधून बोलतो. पाच हजार द्या, तुमचं नाव पहिलं करतो." मावशींनी उसने घेऊन दिले. नाव तर वर आले नाहीच, तो फोनही बंद झाला. महिनाभर त्यांनी गॅसचे पैसे थकवले.

म्हणून सांगतो. पान आपल्या स्वतःच्या ईमेल खात्यावर करा. दुसऱ्याच्या खात्यावर गेले असेल, तर मालकी मागण्याचा अर्ज फोनवरूनच करता येतो. काही दिवस वाट पाहावी लागते. मावशींनी पुढे तसेच केले. नकाशातली पहिली जागा कंपनी विकत नाही. जाहिरात वेगळी असते, तिच्यावर 'प्रायोजित' असे लिहिलेले असते. तो शब्द वाचायला शिका. आणि फोनवर आलेला ओटीपीचा आकडा कुणालाही सांगू नका, तो कितीही गोड बोलला तरी.

दुकान तुमचेच आहे याची कंपनी खात्री करते. हल्ली पुष्कळदा त्यासाठी व्हिडिओ मागते. रस्ता, दुकानाची पाटी, आणि तुम्ही स्वतः कुलूप उघडून आत जाता, हे सगळे न थांबता एका दमात दाखवायचे.

ज्यांनी फोन आणले आहेत त्यांनी पुढे येऊन बसावे. आधी आपापल्या दुकानाची पाटी वहीत जशीच्या तशी लिहून काढा. घरी शिवणकाम करणाऱ्या बायांनीही यावे. घरचा पत्ता लोकांना दिसू नये असे वाटत असेल तर तो लपवता येतो, ते आम्ही दाखवू.