मोत्यासारख्या पुळ्या



लेकराच्या मानेवर, काखेत किंवा पोटावर कधी बारीक, गुळगुळीत पुळ्या उठतात. त्या मोत्यासारख्या चमकतात. मधोमध खळगी असते. ताप नसतो. लेकरू हसते, खेळते. डॉक्टर या रोगाला मोलस्कम म्हणतात.

कोणी म्हणते, ‘देवी आल्या!’ तसे नाही. भारतात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली आढळला. १९८० साली सारे जग देवीमुक्त जाहीर झाले. मोलस्कमचा विषाणू देवीच्याच कुळातला. पण हा सौम्य. तो कातडीतच राहतो.

मग उपाय काय? पहिला उपाय धीर. पुष्कळ लेकरांच्या पुळ्या वर्ष-दीड वर्षात आपोआप जातात. काहींना जास्त वेळ लागतो. सुईने फोडू नका. चुना लावू नका. डाग तर देऊच नका. पुळीतला पांढरा गर लागेल तिथे नवी पुळी उठते, आणि डागाचा व्रण जन्मभर राहतो.

हा रोग अंगाला अंग लागून पसरतो. एकाच दुपट्ट्याने अंग पुसल्यानेही पसरतो. म्हणून दिघोरीच्या घराघरात अशा लेकराचा दुपट्टा वेगळा ठेवा. नखे कापा. पुळ्या कपड्याने झाका. मात्र शाळा बुडवू नका. त्याला वेगळे बसवू नका, हे आम्ही मास्तरमंडळींनाही सांगतो.

पापणीवर पुळी आली, पू धरला किंवा ताप आला, तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा.